शनिवारचं कडू दळण

आमच्या बाजारगावात तेव्हा पिठाची एकच गिरणी होती आणि ती माझी होती. सासऱ्यांनी ती सुरू केली, नवऱ्याने चालवली, आणि तो गेल्यावर ही बाई आता विकून मोकळी होईल म्हणून लोकांनी महिनाभर वाट पाहिली. मी विकली नाही. पुढे एकतीस वर्षं माझ्या भुवयांवर पीठ असायचं. म्हातारपणी केस पांढरे झाले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गिरणीच्या काही रीती असतात. आमची सगळ्यांत कडक रीत शनिवारची. गावाच्या वर डोंगरात वस्त्या होत्या. नवीन पीक येण्याआधीच्या दोन महिन्यांत तिथल्या घरांतलं धान्य तळाला जायचं, मग बायका रानातल्या एका गवताचं बी गोळा करायच्या आणि उरल्यासुरल्या धान्यात मिसळायच्या. त्याला सगळे कडूबी म्हणत. खाऊन माणूस मरत नाही, पण जीभ दिवसभर रुसून बसते. हे बी एकदा दगडांतून गेलं की कडूपणा दगडातच मुरतो आणि मागून येणाऱ्या दोन-चार डब्यांचं वाटोळं करतो. म्हणून कडू दळण घ्यायचं ते शनिवारी दुपारनंतर, सगळ्यांत शेवटी. ते संपलं की दगड धुवायचे. धुवायचे म्हणजे पाण्याने नव्हे; चांगल्या धान्याचं एक मापटं गिरणीत घालायचं, ते दगडातला कडूपणा ओढून घेतं, आणि ते पीठ कोंबड्यांना टाकायचं. हे मापटं आमच्या घरचं असे. कडू दळणवाल्यांकडून ते मागायचं नाही, असं सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. बाकी काय काय बजावलं ते मी केव्हाच विसरले. हे मात्र राहिलं.

या रीतीचा दुसरा भाग बोलून दाखवायचा नसे. शनिवारच्या बायका मागच्या दाराने यायच्या. पिशवी पदराखाली असायची. त्या दारात कोण उभं होतं हे बाजारात कुणाला कळता कामा नये. मी कधी कुणाचं नाव घेतलं नाही. आजही घेणार नाही, एक सोडून. आणि ती माझी सख्खी थोरली बहीण आहे, तिला माझ्यावर रागवायची सवय आहे.

चांगल्या वर्षी त्या दोन महिन्यांत मागच्या दाराशी पाच-सहा बायका दिसायच्या, नवीन पीक आलं की एकही नाही. त्यामुळे पीक नुकतंच घरात आलेलं असताना मागचं दार वाजायला लागलं, की डोंगरात काय उगवलं आणि काय नाही हे मला समजायचं. यात विद्या काही नाही. दाराला कान पाहिजेत, एवढंच.

मोठ्या दुष्काळाच्या वर्षी पीक काढून तीन आठवडे झाले नव्हते तोच सतरा बायका आल्या. मी गावातल्या कचेरीत जाऊन कारकुनाला सांगितलं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, भुवईवरचं पीठ झटकायची खूण केली आणि म्हणाला, बाई, वरून अजून काही आलेलं नाही. आमच्याकडे पाऊस आणि हुकूम दोन्ही वरूनच यायचे, आणि दोघांनाही सारखाच उशीर व्हायचा. धान्य आलं ते सात महिन्यांनी. ट्रकवर कापडी फलक होते, पुढे फोटो काढणारा होता, आणि धान्याबरोबर चारशे ब्लँकेटं होती. ऐन उन्हाळ्यात, दुष्काळात ब्लँकेटं कशाला, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा कळलं की ती कुठल्याशा पुराच्या यादीतली उरली होती. लोकांनी घेतली. फुकट मिळालेल्या उबेला नाही कोण म्हणणार.

डोंगरातल्या वस्तीवर दिलेल्या माझ्या ताईचा मधला मुलगा ट्रक येण्याच्या तीन आठवडे आधी गेला. चार वर्षांचा होता. त्या सात महिन्यांत ताई एकदाही मागच्या दाराने आली नाही, कारण ताईचं नाक. आमचे वडील म्हणायचे, देवाने हिला आधी नाक दिलं आणि मग त्याला धरायला बाकीची मुलगी लावली. मला कळलं असतं तर मी स्वतः पोतं उचलून नेलं असतं. पण मला कळलं नाही, आणि तिने सांगितलं नाही, आणि त्या न सांगण्यावर आम्ही दोघी आजतागायत बोललेलो नाही.

मोठा दुष्काळ संपला की सुधारणांचा सुकाळ येतो. समित्या आल्या, गाड्या आल्या, पाणी पिऊन गेल्या. त्यांत एक माणूस मात्र वेगळा निघाला. जाड चष्मा, ढगळ शर्ट. पत्ता विचारायला म्हणून गिरणीत आला आणि पोत्यावर बसला तो तीन शनिवार उठला नाही. मागच्या दाराशी काय चालतं ते त्याने विचारलं नाही, नुसतं पाहिलं. तिसऱ्या शनिवारी कडू पिठाची चिमूट तोंडात टाकली, थुंकला नाही, गिळली. मग म्हणाला, मावशी, नावं नकोत मला, फक्त आकडा सांगत जाल?

अशा रीतीने शनिवारचं कडू दळण सरकारी झालं. निर्देशक क्रमांक चौदा. पहिल्या तेरांमध्ये आकाशातून काढलेले फोटो होते, नदीची उंची होती, वाऱ्याची दिशा होती. चौदावी मी. मला छापील कार्डांचा एक गठ्ठा मिळाला. दर सोमवारी एका कार्डावर एक आकडा लिहून टपालात टाकायचा. नेहमीचे ते दोन महिने सोडून एरवी आकडा वीसच्या वर गेला की दोन आठवड्यांत धान्य निघालं पाहिजे, असा नियम चष्मेवाल्या साहेबांनी मोठ्या कचेरीतल्या लोकांकडून कसा करून घेतला ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बहुतेक तिथेही पोत्यावर बसले असतील.

काही वर्षांनी पुन्हा पाऊस रुसला. माझी कार्डं गेली: आठ, चौदा, तेवीस. बाराव्या दिवशी ट्रक दारात उभे. फलक नव्हते, कारण छापायला वेळ मिळाला नव्हता. फोटोवालाही नाही. लोकांनी धान्य नेलं, दळून आणलं, खाल्लं आणि कामाला लागले. कुणी मेलं नाही. कुणी गाव सोडलं नाही. इतका कंटाळवाणा दुष्काळ मी आयुष्यात पाहिला नव्हता.

तीन महिन्यांनी मूल्यमापन पथक आलं. पाच माणसं, दोन गाड्या आणि एक रंगीत पट्टी. ही पट्टी मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची. हिरव्यात आली तर मूल बरं आहे, पिवळ्यात आली तर काळजी, लाल म्हणजे उपाशी. त्यांनी वस्त्यांमधली सगळी मुलं मोजली. सगळी हिरवी. पथकाची निराशा बघवत नव्हती. त्यांच्यातले एक गृहस्थ माझ्याकडे आले आणि जरा दरडावूनच म्हणाले, मग दुष्काळ होता कुठे?

मी म्हटलं, "आला होता की साहेब. पण पानं आधीच वाढलेली दिसली, म्हणून परत गेला."

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. अहवालात लिहिलं की इशारा खोटा होता, संकट आलेच नाही, सबब धान्य वाया गेले. निर्देशक क्रमांक चौदा रद्द. चष्मेवाल्या साहेबांची बदली मत्स्य विभागात झाली. जायच्या आधी मला भेटायला आले, नेहमीच्या पोत्यावर बसले. मी म्हटलं, तिथे काय करणार? ते म्हणाले, मासे मोजणार. मासे निदान माणसाला खोटं पाडत नाहीत. 

"आपलं चुकलं कुठे, सांगू का मावशी?" उठताना म्हणाले. "आपण फार लवकर बरोबर होतो."

त्यानंतर सुधारणेची सुधारणा झाली. नवा नियम सुटसुटीत होता. शंभर मुलांचे दंड मोजायचे, त्यांतली पंधरा लाल निघाली की धान्य सोडायचं. पुरावा हवा. म्हणजे मूल आधी वाळवायचं, मग मोजायचं, मग खायला घालायचं. गावाच्या वेशीवर नवं गोदामही बांधलं, पत्र्याचं, चांगलं ऐसपैस. त्यात पोती रचून ठेवली आणि बाहेर पहारेकरी बसवला. संकट आलं की धावाधाव नको म्हणून.

मग चार वर्षांनी ते आलं.

पीक काढून दोन आठवडे झाले आणि मागचं दार वाजलं. त्या शनिवारी नऊ, पुढच्या शनिवारी एकवीस, त्याच्या पुढच्या चौतीस. माझ्याकडे जुनी कार्डं शिल्लक होती. मी आकडे लिहून टाकत राहिले. तिन्ही कार्डं परत आली, वर शिक्का: निर्देशक अस्तित्वात नाही. टपालाचा कारभार मात्र चोख होता, एकही गहाळ झालं नाही.

चौतीसच्या शनिवारी सगळ्यांत शेवटी ताई आली. मागच्या दाराने. एका हातात पिशवी, कडेवर नात.

ही नात म्हणजे भिंगरी. तिचं खरं नाव दुसरं होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीपुरतं होणार होतं. चार वर्षांची. गिरणीत आली की मधल्या खांबाला धरून गरगर फिरायची, मी ओरडायची, पट्ट्याजवळ जाऊ नको, हात तुटेल. ती आणखी जोरात फिरायची. तिला गिरणी आपल्यासाठीच फिरते असं वाटायचं.

"दळून दे, धाकटे," ताई म्हणाली. "आणि तोंड बंद ठेव."

"मी कधी उघडलं?"

"मग आत्ता का उघडं आहे?"

मी पिशवी घेतली. आत तीन हिस्से कडूबी, एक हिस्सा धान्य. भिंगरीला तिने खाली ठेवलं तर पोर जाऊन पोत्यावर बसली. मी म्हटलं, भिंगरे, आज खांब नको का? तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसते." एवढंच. म्हाताऱ्या बाया म्हणतात तसं. गिरणी चालू होती, पट्टा फिरत होता, आणि ती पोर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या गेलेल्या मधल्या पोराने शेवटच्या महिन्यात कसं बसायला सुरुवात केली होती ते ताईने मला एकदाच सांगितलं होतं. 

मी आतून घरचं अर्धं पोतं ओढत आणलं. ताईने त्याच्याकडे बघितलंही नाही. मी चिडले, म्हटलं, आतातरी नाक बाजूला ठेव. ती शांतपणे म्हणाली, नाकाचा प्रश्न नाही. तू माझ्या नातीला खायला घालशील. वस्त्यांवर त्र्याऐंशी घरं आहेत. त्यांच्या देखत मी माझी चूल पेटवू? त्यांना किती अर्धी पोती देशील?

याचं उत्तर वेशीवरच्या गोदामात होतं आणि त्याच्यावर पहारेकरी होता.

पुढच्या गुरुवारी पट्टीवाले साहेब मोजणीला आले. नवीन साहेब, वर्षभरापूर्वी गावात बदलून आलेले. बायको आणि सासूसह बाजाराच्या मागे भाड्याने राहत. माणूस वाईट नव्हता. मी हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना अशा गोष्टीत दुष्ट माणूस हवा असतो आणि माझ्याजवळ द्यायला नाही. शाळेच्या व्हरांड्यात शंभर मुलं ओळीने बसवली. साहेब प्रत्येकाशी गोड बोलत, पट्टी सैल सोडत, दोनदा मोजत. अकरा लाल निघाली. भिंगरी पिवळ्यात, लालच्या दोन रेघा वर. जिथे बसवली तिथे बसून राहिली. साहेब म्हणाले, किती शहाणी मुलगी.

मी तिथेच उभी होते. विचारलं, मग धान्य?

"चार कमी पडतात, मावशी," साहेब खरंच वाईट वाटून म्हणाले. "महिन्याने पुन्हा मोजू. तेव्हा नक्की भरतील."

तोपर्यंत काय करायचं, विचारलं तर म्हणाले, लक्ष ठेवू. ते जाताना मला आठवण करून गेले की सोमवारी त्यांचा डबा येईल, नेहमीसारखा पहिला नंबर ठेवा. सासूबाईंना बारीक पीठ लागतं.

मी घरी गेले नाही. गिरणीत जाऊन बसले. दुसऱ्या हंगामाचं पीक येईपर्यंत अजून अकरा आठवडे होते आणि डोंगरातली वाट चढून भिंगरीच्या घरी जायला दोन तास लागत. मी दोन्हींचा विचार करत बसले. आणि मग मला सोमवारचा पहिला नंबर आठवला.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेले. म्हटलं, सगळ्या बायकांना सोमवारी सकाळी घेऊन ये. त्र्याऐंशी घरं. दिवसाढवळ्या, भर बाजारातून, पुढच्या दाराने. पिशव्या पदराखाली नकोत.

ताईने चुलीत फुंकर घातली. बराच वेळ घालत राहिली. चूल तर पेटलेलीच नव्हती. या बाईने पोटचं पोर घालवलं पण मागच्या दाराशी उभी राहिली नव्हती. तिला मी पुढच्या दाराने यायला सांगत होते.

"सगळ्यांकडे कडूबी सुद्धा नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग वाटून घ्या. घरटी एक मूठ पुरे. पण प्रत्येक घरचं पीठ कडू झालं पाहिजे."

तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. लहानपणी मी काही चोरलं की असंच पाहायची. मग म्हणाली, "किती वाजता?"

सोमवारी बाजार उघडायच्या वेळी डोंगरातून रांग उतरली. ताई सगळ्यांत पुढे, मान ताठ, पिशवी डोक्यावर. कापडवाला हातातला गज तसाच धरून बघत राहिला. मी सगळ्यांचं दळण घेतलं, आधी कडू, नुसतं कडू. गिरणीतून धूर निघावा तसा तो वास निघत होता. एका पिशवीने दोन-चार डबे बिघडतात, इथे त्र्याऐंशी पिशव्या दगडात मुरल्या होत्या. ते संपल्यावर दगड धुतले नाहीत. मापटं खुंटीला टांगलेलं होतं, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांचा डबा घेतला, बारीक दळला. मग मुख्य शिक्षकांचा, मग फौजदारांचा, मग डॉक्टरांचा, मग करवसुली कचेरीतल्या एकूण एक कारकुनाचा. एकशे दहा घरं. कुणी म्हणेल, बाईचं चुकून झालं. म्हणून मंगळवारी पुन्हा तसंच केलं.

मंगळवारी दुपारी साहेबांच्या बाई डबा घेऊन गिरणीत आल्या. त्यांना बोलता येत नव्हतं, इतका संताप, आणि शिवाय तोंड कडू. सासूबाईंनी सोमवारी रात्री एक घास घेतला आणि आपल्याला विष घातलं म्हणून जावयाला धारेवर धरून बसल्या होत्या. फौजदारांनी स्वतःच्याच घरात चौकशी सुरू केली होती. मी सगळ्यांना खरं सांगितलं: कडू दळण वाढलंय, दगडातून उतरत नाही.

आणि मग मी जन्मात पाहिली नव्हती ती गोष्ट पाहिली. कचेरी धावली.

बुधवारी सकाळी आठला पांढऱ्या कोटातली दोन माणसं गाडीतून उतरली. दहाला पिठाचे नमुने बाटल्यांत गेले. दुपारी निकाल: जीवाला धोका नाही, चव असह्य. साहेबांच्या घरी बैठक झाली, बसायला खुर्च्या पुरेनात. कुणीतरी नियमांचं पुस्तक उघडलं आणि त्यात एक झकास नियम निघाला: परवान्याच्या गिरणीतून पीठ बिघडल्यास, बाधित घरांना माणशी वीस किलो बदली धान्य तत्काळ देण्यात यावे. आणि बदली धान्य कुठलं, तर जवळच्या गोदामातलं. म्हणजे वेशीवरच्या. म्हणजे पंधराव्या मुलाची वाट पाहत बसलेलं तेच. या नियमात मुलं मोजायची अट नव्हती. कोणत्या शहाण्याने तो लिहिला माहीत नाही, पण त्याची सासू नक्कीच घरात असणार.

संध्याकाळी पट्टीवाले साहेब फॉर्म घेऊन आले. पोत्यावर बसले. तेही चष्मेवाल्या साहेबांच्याच पोत्यावर, पण त्यांना ते माहीत नव्हतं. म्हणाले, बाधित घरं सांगा.

"गावातली एकशे दहा," मी म्हटलं. "आणि वस्त्यांवरची त्र्याऐंशी."

पेन थांबलं. "वस्त्यांवरची?"

"त्यांचं तर सगळ्यांत कडू आहे, साहेब. चाखून बघा."

ताईच्या पिठातलं थोडं मी काढून ठेवलं होतं. त्यांनी चिमूट तोंडात टाकली. तोंड वाकडं झालं, पाणी मागितलं, प्यायले. मग पुन्हा त्या पिठाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं की हे लोक हे रोज खातात का. मी म्हटलं, रोज मिळालं तर. त्यांनी फॉर्म पुन्हा मांडीवर ओढला. 

"फॉर्मवर बिघाडाचं कारण लिहायला एकच ओळ आहे," साहेब म्हणाले. "दुष्काळ लिहिला तर हा फॉर्म चालणार नाही."

"मग गिरणी लिहा."

"गिरणीला सील लागेल, मावशी. परवाना परत मिळायचा नाही."

मला वाटलं होतं की मी पटकन लिहा म्हणेन. मनात तशी तयारी केली होती. पण दगडांकडे नजर गेली. त्या वर्षीच त्यांना टाकी लावून, छिन्नीने नव्या खाचा पाडून घेतल्या होत्या, किती सुरेख दळत होते. मी पट्ट्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, लिहा.

त्यांनी लिहिलं. सुवाच्य अक्षर होतं.

गुरुवारी गिरणीला सील लागलं, शुक्रवारी धान्य वाटलं. चार दिवसांत सगळं, सात महिन्यांचं काम. वस्त्यांवरच्या बायका पोती डोक्यावर घेऊन माझ्या दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. शटरला कुलूप, कुलपाला लाख, लाखेवर शिक्का. आणि पोत्यात सगळं अख्खं धान्य. गोदामातून धान्य सोडणारी कचेरी आणि गिरणी बंद करणारी कचेरी, एकच. फक्त टेबलं दोन. दुसरी गिरणी दीड दिवसाच्या वाटेवर, आणि घरोघरची जाती केव्हाच मोडीत निघालेली. ताईने पोतं खाली ठेवलं, सीलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता हे काय चघळायचं?" ती म्हणाली.

मी हसायला लागले. मला आवरेना. मग ताईला हसू आलं, मग सगळ्या रांगेला. मोठ्या दुष्काळापासून मी ताईला तशी हसताना पाहिली नव्हती. पट्टीवाले साहेब धावत आले. प्रकरण त्यांच्या डोक्यात आमच्यासमोरच शिरलं, ते शिरताना दिसलं. तिथूनच त्यांनी मोठ्या कचेरीला फोन लावला. तासाभराने उत्तर आलं की सील दळणासाठी उघडता येत नाही, फक्त स्वच्छतेसाठी येतं. साहेबांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं की दगड धुवावे लागतात ना? मी म्हटलं, लागतात. किती वेळ लागतो? मी म्हटलं, ते कडूपणावर आहे.

त्यांनी हुकूम लिहिला: दगड धुण्यासाठी सील तात्पुरते उघडण्यात येत आहे. किती दिवस ते लिहिलं नाही. आयुष्यभर नीटनेटके फॉर्म भरलेल्या माणसाने एक रकाना कोरा सोडला, आणि तो त्याने चुकून सोडला नाही.

पहिलं मापटं मी सवयीने घरातून आणायला निघाले. ताईने माझा हात धरला. खुंटीवरचं मापटं काढलं, आपल्या नव्या पोत्यातून भरलं आणि गिरणीत ओतलं. म्हणाली, मागच्या दाराने येणाऱ्यांकडून घ्यायचं नसतं ना, आज पुढच्या दाराने आलेय. ते पीठ कोंबड्यांना गेलं. कोंबड्यांनी नाकं मुरडली, पण खाल्लं.

दगड धुवायला दहा आठवडे लागले. पीक आलं आणि नेमके ते स्वच्छ झाले.

सरकारी कागदांत त्या वर्षी दुष्काळ नाही. तुम्ही बघायला गेलात तर मिळेल: पिठाच्या बिघाडाची एक घटना, त्यावर विभागाने दिलेला तत्पर प्रतिसाद, आणि त्याबद्दल मोठ्या साहेबांना मिळालेलं प्रशस्तिपत्र. माझा उल्लेख आहे. "निष्काळजी गिरणीचालक" म्हणून. आता तिथे माझा पुतण्या मोबाईलची कव्हरं विकतो, आणि वस्त्यांवर कडूबी कोण खातंय हे कुणाच्याच दाराशी कळत नाही. मध्यंतरी ऐकलं की आता ते आकाशातूनच मोजतात, पट्टीसुद्धा लागत नाही.

सील परत लावायचं ठरलं तो दिवस शनिवार होता. पट्टीवाले साहेब लाख आणि शिक्का घेऊन आले, आणि बगलेत आपला डबा. ओशाळून म्हणाले, लावायच्या आधी एवढं दळून मिळालं तर. मी म्हटलं, ताईचं चालू आहे, तिच्या मागे नंबर लावा. ते बसले पोत्यावर, मांडीवर डबा, डब्यावर लाख. आणि भिंगरी खांब धरून फिरत होती. एक हात खांबाला, दुसरा हवेत, वेणी तिच्या मागून, गरगर, गरगर. साहेबांनाच बघून गरगरायला लागलं.

"हिला कुणीतरी खाली बसवा हो," ते म्हणाले. "चक्कर येईल."

ताईने पिठाची पिशवी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"नका बसवू, साहेब," ती म्हणाली. "बसली होती तेव्हा तुम्हाला दिसली नव्हती."